केसर, तू परतणारच होतीस

मी तुला न्हाव्याकडून तासून घेतलं.

ऐन वैशाखात, अंगणात पाटावर उभं करून, मानेपासून शेपटीच्या बुडख्यापर्यंत. एवढ्या केसांत तुला उकडत असेल, इतकाच माझा विचार. बाबू न्हावी वस्तरा काढायलाच तयार नव्हता. "माणसाची हजामत करणारा हात हाय ह्यो, वकीलसाहेब," म्हणाला. मी त्याला बहस करून पटवलं. अदालतीत माझी बहस क्वचित पटते. ती नेमकी त्या दिवशी पटली. काम उरकलं आणि तू अंग झाडून उभी राहिलीस, तेव्हा दोघंही दचकलो. मधाच्या रंगाची, रेशमी केसांची, लांब कानांची माझी केसर गेली होती आणि तिच्या जागी दोन कान लावलेलं सोललेलं रताळं उभं होतं. स्वयंपाकघरातून आमची मंडळी बाहेर आली, पदराला हात पुसत तुझ्याकडं बघत राहिली आणि मला म्हणाली, "जावळ काढलंत व्हय? मग मांडीवर घ्यायला मामा नको का बोलवायला?"

दुसऱ्या दिवशी तुझी पाठ उन्हानं लालबुंद झाली. ज्या केसांना मी गोधडी समजत होतो, ते तुझं छप्पर होतं. हे छप्पर काढल्यावर कळलं. खोबरेल लावता लावता हात दुखले. केस पुढं आले, पण पिंजलेल्या कापसासारखे. ते जुनं रेशीम काही पुन्हा आलं नाही. तू मात्र त्या संध्याकाळीही माझ्या डाव्या पायाच्या पंजावर हनुवटी टेकून झोपलीस. दुसरं कुणी असतं तर माझ्यावर फिर्याद गुदरली असती.

परवा दुपारी तू गेलीस. गेलेल्याबद्दल बोलताना लोक त्याचे गुण आठवतात. मला माझेच पराक्रम आठवत बसलेत, कारण त्या प्रत्येकाला साक्षीदार तू होतीस. आणि एक वाद आपल्यात राहून गेला. तू माझी होतीस, की माझ्याकडं फक्त राहिलीस? आज तुझी बाजूही मीच मांडणार, माझीही मीच. असा खटला वकिलाला जन्मात एकदाच मिळतो, त्यामुळे हरायचं नाही असं ठरवून बसलोय.

तू आलीस तेव्हाच हा प्रश्न तुझ्याबरोबर आला होता. छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्याच्या भाड्याचं काहीतरी काम मी केलं होतं. तो विलायतेला निघाला. सामान बांधलेलं, बैठक रिकामी, आणि रिकाम्या बैठकीच्या मधोमध तू. साहेब म्हणाला, "वकील, कुत्ता मांगता?" मला कुत्रा मांगता नव्हता. पण साहेबासमोर 'नाही' हा शब्द माझ्या घशातून कधी निघालेला नाही. तुला टांग्यात घालताना त्याचा खानसामा कानाशी येऊन म्हणाला, "वकीलसाब, ये जात एकीच आदमी की होती. साहब गया, अब ये खाना छोड़ देगी. आठ रोज भी नहीं निकालती, देख लेना."

आणि खरंच तू खाणं सोडलंस. आमचं घर वरण-भाताचं. साजूक तूप घातलेला मऊ भात मी स्वतः कालवून तुझ्यापुढं ठेवला. तू तो हुंगलास आणि नम्रपणे मान फिरवलीस. दुधातली दशमी ठेवली. ती मुंग्यांनी नेली. तू दिवसभर दिंडी दरवाजाकडं तोंड करून बसायचीस. बाहेर टांगा वाजला की कान उचलायचीस, टांगा पुढं गेला की कान खाली. बरगड्या दिसायला लागल्या. मी ओसरीवर तुझ्यासमोर मांडी घालून बसायचो आणि विनवायचो, "अगं, तो गेला. आता मी आहे." तू माझ्याकडं अशी बघायचीस की बापरे, एवढं मोठं दुःख असताना हे आणखी एक!

मग एक दिवस तुझ्या डोळ्यांत चमक आली. शेपूट हललं. दोनचार दिवसांत तू अंगणात धावायला लागलीस, आणि मी गावभर धावायला लागलो. अदालतीच्या व्हरांड्यात, पाणचक्कीवर, बाजारात, जो भेटेल त्याला सांगायचो: सात्त्विक आहाराचा गुण बघा! विलायती जात, पण वरण-भातावर कशी टुणटुणीत झाली! आमची केसर शुद्ध शाकाहारी. एका मुन्सिफसाहेबांना मी त्यांच्या कुत्र्यासाठी तुपाचं प्रमाणसुद्धा सांगितलं.

तुझी खरी अडचण जेवणाची नव्हती, माझ्या आवाजाची होती, हे मला वाटायला लागलं ते पुढं. अदालतीत जाण्याआधी मी ओसरीवर येरझाऱ्या घालत बहस घोकतो. उर्दूत, मोठ्यानं, हातवारे करत. मी पहिलं "हुजूर!" गरजलो की तू बाकड्याखाली जायचीस आणि तिथली जमीन ओली व्हायची. मला वाटायचं, काय घाणेरडी खोड! मग मी तुझ्यावर ओरडायचो. मग आणखी ओलं. हे बरेच दिवस चाललं. शेवटी मंडळी पोछा आपटून म्हणाली, "अहो, तुम्ही खटला लढता आणि शिक्षा ती भोगते. तिला वाटतं, सगळं तिलाच बोलताय."

खरंच होतं. तुला मारायला काठी लागत नव्हती. चढा सूर पुरत होता. तुझ्यापुढं मी हळू बोलायला शिकलो. आधी फक्त ओसरीवर. मग ती सवय अंगाला लागली आणि एके दिवशी अदालतीतही तोच सूर निघाला. मुन्सिफसाहेबांनी मान वर केली. "वकीलसाहब, आज पहली बार आपकी बात सुनाई दी," म्हणाले. तो खटला मी जिंकलो. घरी येऊन तुझ्यापुढं बसलो आणि हळूच सांगितलं. तू अंगभर हललीस. तुझ्या जातीला नुसतं शेपूट हलवता येत नाही, कंबरेपासून सगळं कुत्रं हलतं.

तुझ्या स्वभावातली आणखी एक गोष्ट आमच्या घरानं कायद्यानं ठरवून दिली होती. मंडळीचा हुकूम होता: स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कुत्रं येता कामा नये. तू हा हुकूम कधी मोडला नाहीस. बरोबर उंबऱ्याला हनुवटी लावून पडायचीस. कुत्रं बाहेर, दोन्ही कान आत. मंडळी म्हणायची, "कान आत आलेले चालतात का हो?" मी म्हणायचो, "कान म्हणजे कुत्रं नव्हे. निकाल तिच्या बाजूनं." त्यावर ती चिमट्यानं तुझे कान उचलून बाहेर ठेवायची. तू झोपेतच ते पुन्हा आत घ्यायचीस. पुढं पुढं चिमटा गेला आणि हात आला. ते कान खाताना भांड्यात पडायचे, वरणात भिजायचे, त्यांना माशा यायच्या. मग एक दिवस मी घरी आलो तर तू भांड्यावर वाकलेली, आणि तुझे दोन्ही कान डोक्यामागं नेऊन लाल फितीनं बांधलेले. फीत मंडळीच्या वेणीची होती. मी फितीकडं पाहिलं. ती म्हणाली, "जुनी होती."

कानांवरून आठवलं. भाद्रपद उलटला की गारखेड्याच्या बाजूला माळावर गवताला कुसळं धरतात. तिकडं तुला फिरवून आणलं. तुझं नाक जमिनीला, कान जमिनीला, आणि एवढ्या गवतातलं एकही लावा पक्षी उडवल्याशिवाय सोडायचं नाही, असा तुझा बाणा. घरी आल्यावर तू डोकं झाडायला लागलीस. झाडतेस, तिरकं धरतेस, पुन्हा झाडतेस. मी म्हटलं, दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळल्या. दोन दिवसांनी कानाला वास यायला लागला तेव्हा उजेडात धरून पाहिलं. कानाच्या आत केसांत एक कुसळ, टोक आत घुसलेलं. मंडळीनं तुझं डोकं मांडीवर घट्ट धरलं, मी तेल सोडून, काटा काढायचा चिमटा घेऊन बसलो. मी आयुष्यात पेनाचं निब सोडून दुसरं बारीक काम केलेलं नाही. तुझं तोंड माझ्या मनगटाशी होतं. कळ आली तेव्हा तू माझं मनगट दातांत धरलंस. नुसतं धरलंस. कुसळ निघेपर्यंत तसंच धरून ठेवलंस, आणि निघाल्यावर सोडून दिलंस. मनगटावर खूण नव्हती.

त्या दिवसापासून तुझे कान माझ्याकडं. फिरून आलं की आधी कान उलटायचे, नाक घालून हुंगायचे, आतून कोरड्या फडक्यानं पुसायचे, मग पंजांच्या बोटांमधलं गवत. आंघोळ घातली की कानांत पाणी राहिलं नाही ना, ते बघायचं. अशील ओसरीवर ताटकळत बसलेले असायचे. "वकीलसाहेब, आमचं कवा?" "आधी हिचं," मी म्हणायचो. मला आता सांगायला हरकत नाही: कुठल्याही अशिलाचं काम मी इतकं मन लावून केलं नाही.

आता ती शाकाहाराची गोष्ट. पलीकडच्या घरातल्या खाला म्हणजे एका मरहूम तहसीलदारांच्या बेवा. आपल्या आणि त्यांच्या अंगणात एकच भिंत, आणि भिंतीत सांडपाण्याची एक मोरी. खालांच्या घरात कुत्र्याला शिवायचं नाही. शिवलं तर नमाजाआधी पुन्हा सगळं धुणं आलं. आपल्या घरात मांस-मच्छीचं नाव नाही. दोन्ही बाजूंना सोवळं, आणि मध्ये तू. खाला बोलायच्या उर्दूत, पण रागावल्या की मराठीवर यायच्या. उर्दूत म्हणे शिव्यासुद्धा अदबीनं द्याव्या लागतात, त्यात जोर राहत नाही.

एका सकाळी तू तोंडात काहीतरी धरून माझ्यापुढं आलीस. पाहतो तर कोंबडीचं पिल्लू! खालांच्या लाडक्या कोंबडीचं. शेजार तुटला, आता काय तोंड दाखवायचं! मी 'सोड, सोड' म्हणतोय, तू शेपूट हलवतेस. शेवटी तू वळलीस, मोरीतून सरपटत पलीकडं गेलीस. मी भिंतीवर चढलो. या वयात, धोतर सावरत. तर पलीकडं खाला शांतपणे वेताच्या मोढ्यावर बसलेल्या. "ला गे, इधर छोड़," म्हणाल्या. तू पिल्लू त्यांच्या पुढ्यात अलगद ठेवलंस. पिल्लू ओलं झालं होतं, एवढंच. उठलं, चिवचिवलं आणि आईकडं पळालं. कुंपणाबाहेर गेलेलं पिल्लू तू शोधून आणलं होतंस. तुझ्या जातीचं तोंडच असं, पकडायचं पण दुखवायचं नाही, हे मला माझ्या मनगटावरूनच कळायला हवं होतं. अभिमानानं माझी छाती भरून आली.

ती भरलेली असतानाच तू सरळ कोपऱ्यातल्या मातीच्या कुंड्याकडं गेलीस. ओळखीच्या माणसासारखी. आणि खायला लागलीस. कुंड्यात मटणाची यखनी होती. हाड होतं.

"खाला, हे काय?" मी भिंतीवरूनच ओरडलो.

"काय म्हणजे? जेवतीय."

"कधीपासून?"

खालांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्यामागं. मी वळलो. खाली अंगणात मंडळी उभी होती. "तुम्ही वरण कालवत होता, तिच्या बरगड्या दिसत होत्या," ती म्हणाली. "मी खालांना हाक मारली. मला ते शिजवता येत नव्हतं. पण दारात मुकं जनावर मरू देणं कुठल्या सोवळ्यात बसतं?" म्हणजे मी गावभर तुपाचं प्रमाण सांगत होतो तेव्हा या दोघी मोरीच्या दोन बाजूंना बसून तुला जगवत होत्या. आणि तूही पक्की! मोरीतून येताना तोंड पुसून यायचीस, माझ्या वरणाला दोन घास न्याय द्यायचीस, मला वाईट वाटू नये म्हणून.

मी हरलो, पण अपील केलं. दुसऱ्या दिवशी अदालतीत कुणी विचारलं, "काय, शाकाहारी कुत्री काय म्हणते?" मी म्हटलं, "उत्तम!" अशील कितीही उघडं पडलं तरी वकिलानं त्याला सोडायचं नसतं.

आणि मग तो दिवस. साहेब परत आला. विलायतेहून, काही दिवसांसाठी, छावणीतलं उरलंसुरलं काम मिटवायला. त्याचा टांगा दारात थांबला आणि मी ओसरीवरून उठायच्या आत तू उठलीस. मला वाटलं होतं, तू विसरली असशील. तू एका क्षणात ओळखलंस. त्याच्याभोवती गोल गोल, त्याच्या बुटांवर, त्याच्या मांडीवर. आनंदानं ओसरी ओलीसुद्धा झाली. माझ्या बहसेनं व्हायची तशी नव्हे, वेगळी. मी बाजूला उभा. मंडळीनं चहा केला, तो माझ्या हातात थंड झाला. साहेबानं तुला मागितलं नाही. त्यानं तुझे कान उलटून पाहिले, आतून हुंगले, माझ्याकडं बघून मान डोलावली, आणि टोपी घेऊन उठला.

टांगा निघाला. तू टांग्यामागं निघालीस.

मी हाक मारली नाही. आयुष्यात हळू बोलायला शिकलो होतो, तर नेमका तेव्हा आवाजच निघेना. मग मी धावलो. शेरवानी घालून, एका पायात जोडा, दुसरा ओसरीवर. भर बाजारातून गावातला एक वकील टांग्यामागं धावतोय, हे लोकांनी पाहिलं. नदीच्या पुलाअलीकडं हरभरेवाल्याच्या पाटीसमोर मी असा पडलो की रुमी टोपी एकीकडं, मी एकीकडं. हरभरेवाला म्हणाला, "आत्ता रे! साहेबानं वकिलाची फी बुडवली जणू."

मी धुळीतून मान वर केली. टांगा पुलावर चढत होता. तू मध्ये उभी होतीस. टांग्याकडं पाहिलंस. माझ्याकडं पाहिलंस. मग कान उडवत, कंबरेपासून हलत, माझ्याकडं धावत आलीस आणि माझ्या कानात नाक घातलंस, मी तुझं कुसळ शोधताना घालायचो तसं. साहेबानं टांग्यातून टोपी उंचावली. टांगा थांबला नाही.

भले भले साहेबाच्या टांग्यामागं धावतात, केसर. तू उलटी धावलीस. तो संबंध महिना मी बाजारातून लंगडत, पण ताठ मानेनं चाललो.

इथून आपला वाद सुरू झाला. मंडळी म्हणायची, "तुम्ही पडलात म्हणून आली. तिला दया आली." मी म्हणायचो, "ती येणारच होती. मी पडलो तो योगायोग." तुला समोर बसवून मी कितीतरी वेळा उलटतपासणी घेतली. खरं सांग, मी पडलो नसतो तर? तू डोकं एका बाजूला कलतं करायचीस. दुसऱ्या बाजूला करायचीस. मग माझ्या पंजावर हनुवटी ठेवून डोळे मिटायचीस. साक्षीदार असा असेल तर मुन्सिफ तरी काय करणार? तुझी शपथ, मी जन्मभर एकही साक्षीदार इतक्या प्रेमानं उलटतपासला नाही आणि एकाकडूनही इतकं कमी काढून घेतलं नाही.

मग तुझं तोंड पांढरं झालं. नाक जमिनीला असायचं, पण पाय मागं राहायचे. मी तुला माळावर नेण्याऐवजी भिंतीच्या कडेनं चालवायचो. कान मात्र रोज उलटायचो. परवा दुपारी ऊन ओसरीच्या कडेला आलं होतं. मी एक दरखास्त लिहीत बसलो होतो. माझा डावा पाय जड होता, तुझ्या हनुवटीनं. थोड्या वेळानं तो जास्त जड वाटायला लागला. मी बराच वेळ लिहिल्यासारखं करत राहिलो.

मंडळीनं तुझे कान फितीनं बांधले, मग सोडले, मग पुसले. सीताफळीच्या बुडाशी, भिंतीलगत खड्डा खणला. खाला त्यांच्या दारानं बाहेर पडून आपल्या दारानं आत आल्या. इतकी वर्षं त्या भिंतीपलीकडूनच बोलत आल्या होत्या. खाली बसल्या आणि तुझ्या कपाळावर हात ठेवला. जन्मभर जे टाळलं ते केलं. मी चमकलो तर म्हणाल्या, "हाताचं काय, धुतला की झालं."

माती लोटून झाल्यावर कुणी हलेना. मला गप्प बसवत नाही, तुला ठाऊक आहे. मी खालांना सांगायला लागलो की ही जात किती नाजूक, किती मानी. आवाज कसा चढवायचा नाही, कान कसे कोरडे ठेवायचे, केस का कापायचे नाहीत. असल्या जिवाला समजून घेणं म्हणजे काय असतं, ते लोकांना ठाऊक नाही. मी ते केलं, म्हणून ती साहेबाला सोडून माझ्याकडं आली.

खालांनी हातावरची माती झाडली. उठल्या.

"बस करा, वकीलसाब," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिला कवा समजून घेतलं? बिचारीचा अख्खा जन्म तुम्हाला समजून घेण्यात गेला."